पायात गेलेलं रक्त परत वर कोण चढवतंय ओ?

मागवाल्याचा_पोरगा, वडगाव

मंडळी एक प्रश्न हाय, येडा वाटला तर वाटूंदे. आमचे बाबा पॉवरलूमवर हाईत, पाळीभर उभंच, मागांच्या मधनं इकडनं तिकडं धोटा बघत, कांड्या बदलत. संध्याकाळी घरला आले की दोन्ही घोटे सुजलेले, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, आणि पोटरीवर शिरा अशा वेड्यावाकड्या फुगून आल्यात की आई बघितली की गप्प बसते. डॉक्टरकडं नेलं, त्यांनी शिरांचं स्कॅनिंग करायला सांगितलं, गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे लिहून दिले आणि म्हणाले उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत र्‍हावा. बाबा म्हणूलालेत टाचा हलवून शिरा जातात होय, आणि मोजे अजून पिशवीतच.

तर मोजे कुठं मिळतात ते मला विचारायचं नाही. मला त्याच्यामागचं गणितच कळंना झालंय. शाळेत आकृती होती, चार कप्पे, एकीकडं लाल एकीकडं निळा, बाण काढा मार्क घ्या. हृदय रक्त ढकलतंय, पटलं. पायापर्यंत जातंय तेबी पटलं, उतारच हाय. पण पायापासनं छातीपर्यंत चार फूट परत वर कोण आणतंय? मधल्या त्या केशवाहिन्यांतनं जाताना हृदयाचा जोर संपत असणार की. पायात दुसरा पंप तर कुणी दाखवला नाही चित्रात. सर्च केलं तर सगळीकडं 'हृदय हा पंप आहे' एवढंच, पुढं कोण बोलतच नाही. कुणाला नीट माहीत असंल तर सांगा, नुसती लिंक टाकू नका.

कोरडवाहू_येळ्ळूर

विहिरीवरची मोटार बघितलायस का कधी? पाईपच्या बुडाला फूटवॉल असतो. मोटार बंद केली तरी पाईपातलं पाणी खाली पडत नाही कारण वॉलची झाप मिटते. फूटवॉल गेला की रोज सकाळी पाईपात वरनं घागरभर पाणी ओता आणि मग मोटार चालू करा, नाहीतर नुसती घुर्र घुर्र. तुझ्या बाबांच्या शिरांचे फूटवॉल गेल्यात, एवढंच समज. आमच्या काकाचंबी तसंच होतं, ऑपरेशन झालं, आता शेतात जातोय.

सिस्टर_टिळकवाडी

येळ्ळूरचे दादा अर्धं बरोबर बोलले, उरलेलं अर्धं मी सांगते. मी नर्स आहे, डॉक्टर नाही, पण वॉर्डात हे पाय रोज बघते.

दादा, तुझा प्रश्न येडा नाही. तू म्हणतोस जोर संपत असणार, तर बराचसा संपतोच, पण सगळा नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत सरासरी दाब ९५ च्या आसपास असतो (बीपी १२०/८० असेल तर, आणि हे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरचे). केशवाहिन्यांत शिरताना तो ३५ पर्यंत उतरतो, बाहेर पडताना १५ राहतो, आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचेपर्यंत जवळजवळ शून्य, फार तर ५. म्हणजे मागून ढकलणारं थोडंफार शिल्लक असतं पण त्याच्यावर भरवसा ठेवून माणूस दिवसभर उभा राहू शकत नाही.

आणि पायात दुसरा पंप कुणी दाखवला नाही म्हणतोस ना, तो आहे. पोटरी. पायातलं बहुतेक रक्त कातडीखालच्या त्या दिसणाऱ्या शिरांतून वर जातच नाही, ते आत खोलवर, मांसाच्या मधून जाणाऱ्या मोठ्या शिरांतून जातं. तू पाऊल टाकलंस की पोटरी आवळते, आतली शीर चेपते, रक्ताला जायला दोनच वाटा, वर नाहीतर खाली. खाली झडप, म्हणजे दादांचा तो फूटवॉल, मिटलेली, म्हणून ते वरच जातं. पोटरी सैल पडली की ती शीर मोकळी होते आणि खालून आणि बाहेरच्या शिरांतून नवीन रक्त आत येतं. एका आवळण्यात पोटरीतलं निम्म्याहून जास्त रक्त वर जातं. तळपायाचंही तसंच, पाऊल टेकलं की तिथल्या शिरा चेपतात. म्हणून चालणाऱ्याचे पाय तेवढे सुजत नाहीत जेवढे उभं राहणाऱ्याचे.

तिसरी गोष्ट श्वास. श्वास आत घेतला की छातीतला दाब कमी होतो आणि पोटातला वाढतो, त्यामुळं पोटातल्या मोठ्या शिरेतलं रक्त छातीकडं ओढलं जातं.

डॉक्टरांनी टाचा वर-खाली करायला सांगितलं ते हेच. बाबांना सांग हा व्यायाम शिरा घालवायला नाही, फुगलेली शीर टाचा हलवून जात नाही हे बाबा बरोबरच बोलले. पण सूज कमी होते.

उद्यमबाग_फिटर

ताई माफ करा पण हे 'रक्त वर चढवणं' काय मला पटंना झालंय. मी हायड्रॉलिकच्या शॉपमध्ये आहे, दिवसभर तेल आणि प्रेशर हेच करतो. सर्किट बंद असेल तर वर चढवायला वेगळा जोर लागतच नाही. इंग्रजी U सारख्या वाकवलेल्या नळीत एका बाजूनं पाणी उतरतं तेवढंच दुसऱ्या बाजूनं चढतं, उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला तोलतं. पंपाला फक्त नळीतल्या घर्षणाशी झगडायचं असतं. येळ्ळूरकरांची मोटार विहिरीतनं पाणी काढून वर उघड्या पाटात सोडते, ते बंद सर्किट नाही, त्यामुळं तिला उंची भरावी लागते. हृदयाला ती भरावी लागत नाही.

हिशोब करून बघा. छातीपासून घोट्यापर्यंत १२०० मिलिमीटर धरा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे १२०० भागिले १३.६, आले ८८. रक्त पाण्यापेक्षा जरा जड म्हणून ९३ धरू. उभ्या माणसाच्या घोट्याजवळ धमनीत ९५ अधिक ९३, म्हणजे १८८. आणि शिरेत, वर शून्य असेल तर खाली ९३. दोघांतला फरक किती? ९५. झोपल्यावर फरक किती? तोच ९५. मग उभं राहिल्यानं बिघडलं काय? रक्त वाहायचं ते वाहतच राहणार.

मागवाल्याचा_पोरगा, वडगाव

आता झाली का पंचाईत. फिटरसाहेब तुमचं गणित बरोबर दिसूलालंय आणि ताईंचंबी. मग बाबांचे पाय सुजतात कशाला?

कोरडवाहू_येळ्ळूर

फिटर शाणा हाय पण पाय त्याचेबी सुजत असणार संध्याकाळी 😄

सिस्टर_टिळकवाडी

फिटर दादा तुमचं गणित बरोबर आहे, आणि तुमच्या गणितातच उत्तर आहे. तुमची पाईप स्टीलची असते. शीर मऊ असते. धमनीची भिंत जाड, ती १८८ सोसते आणि फारशी फुगत नाही. शिरेची भिंत पातळ, तिच्यात ९० चा दाब भरला की ती फुगते, रक्त साठवून घेते. शरीरात एकूण रक्त ५ लिटरच्या आसपास, आणि त्यातलं ६० टक्क्यांहून जास्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं. माणूस झोपलेला उठून नुसता उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त छातीतून खाली पाय आणि पोटाकडं सरकतं. तेवढं हृदयाकडं परत यायचं कमी. हृदयाला जेवढं मिळतं तेवढंच ते पुढं ढकलणार, त्याच्याकडं वेगळी टाकी नाही.

आणि सूज अशी येते. केशवाहिन्यांच्या पुढं शिरेत ९० चा दाब बसला की केशवाहिन्यांतूनही पाणी बाहेर मांसात पाझरायला लागतं. थोडं पाझरणं नेहमीचंच, ते लसिकेच्या नळ्या उचलून परत रक्तात सोडतात. पाझर त्यांच्या आवाक्याबाहेर गेला की ते पाणी घोट्यात साचतं आणि बोटानं खड्डा पडतो.

आता पोटरीची गंमत बघा. गप्प उभं असताना घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० दाब, माणूस चालायला लागला की थोड्याच पावलांत तो ३० च्या खाली येतो. कारण झडपांनी तो ९० चा रक्ताचा उंच खांब तुकड्या-तुकड्यांत अडवलेला असतो, प्रत्येक तुकड्याला फक्त आपल्या पुढच्या झडपेपर्यंतचं वजन. झडपा सैल झालेल्या असतील तर चाललं तरी दाब तेवढा उतरत नाही, वर ढकललेलं रक्त परत खाली गळतं आणि बाहेरच्या शिरा आणखी फुगतात, शिरा फुगल्या की झडपेची दोन पानं एकमेकांपासून लांब जातात आणि ती आणखी गळते, असं ते चक्र. बाबांचं स्कॅनिंग करायला सांगितलं ना, त्यात हेच बघतात की रक्त कुठं उलटं पळतंय, आणि आत खोल शिरेत रक्ताची गाठ वगैरे नाही ना.

उद्यमबाग_फिटर

ओके ताई, नळी फुगणारी आहे हे धरलंच नव्हतं. मग तर सीधं आहे, होजपाईप फुगला की सिलिंडर लेट चालतो. पण 'वर चढवणं' हा शब्द तरी सोडा, पायात रक्ताचा साठा होऊ द्यायचा नाही एवढंच पोटरीचं काम. आणि ते मोजे म्हणजे बाहेरनं होज क्लॅम्प, बरोबर?

सिस्टर_टिळकवाडी

जवळपास. मोजे घोट्याला जास्त घट्ट आणि वर जाता जाता सैल विणलेले असतात, म्हणून पायजम्याची नाडी बांधल्यासारखं मध्येच कुठंतरी रबर बांधून चालत नाही, त्यानं उलटंच होतं. सकाळी उठून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे, सूज यायच्या आधी. एकदा सुजल्यावर संध्याकाळी घालायला बसलं तर घालताच येत नाहीत आणि मग लोक म्हणतात कंपनीनं माप चुकवलं.

एक मात्र. बिडी-सिगारेट ओढणारा माणूस, शुगरवाला माणूस, चालल्यावर पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर जाते असं असेल तर मोजे घालायच्या आधी पायाच्या धमनीचं रक्त नीट येतंय का ते डॉक्टरांकडून बघून घ्यायचं. तिथं आधीच रक्त कमी येत असेल तर वरून आवळणं धोक्याचं. आमच्याकडं निपाणी-चिकोडी भागातून असे पेशंट येतात, तंबाखू आयुष्यभर, पाय गार पडलेला. त्यांचा रोग धमनीचा, तुझ्या बाबांचा शिरेचा, दोन्हीत पाय दुखतो पण औषध उलट. शिरेवाल्याला पाय वर केला की बरं वाटतं, धमनीवाल्याला खाली सोडला की.

आणि बाबांना बीपीची गोळी चालू आहे का? अ‍ॅम्लोडिपिन असेल तर तिनंही दोन्ही घोटे सुजतात, ती बारीक धमन्या सैल करते त्यामुळं केशवाहिन्यांत दाब वाढतो. स्वतःहून बंद करायची नाही हां, डॉक्टरांना सांगायचं. दम लागतो का, रात्री सपाट झोपता येतं का, तेही विचार. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागं तुंबतं आणि पायच आधी सुजतात, तेव्हा पोटरी-बिटरीचा काही संबंध नसतो.

मागवाल्याचा_पोरगा, वडगाव

गोळी चालू हाय, नाव बघून सांगतो. दम नाही, जिना धडाधडा चढतात. ताई तुम्ही आधी का नाही भेटलात ओ.

मास्तर_खानापूर

चर्चा छान चालली आहे, मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मधे तोंड घालतो. फिटरभाऊंचा आणि तुझा दोघांचा प्रश्न जुना आहे बरं का. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गॅलेन नावाच्या वैद्याचं म्हणणं असं की रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं आणि अवयवांत जाऊन संपतं, जसं शेतात सोडलेलं पाणी जिरतं. परत येण्याचा प्रश्नच नाही, मग वर कोण चढवणार हा प्रश्नही नाही! हे हजाराहून जास्त वर्षं चाललं. मधे तेराव्या शतकात इब्न अल-नफीस यानं लिहिलं की हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त मधल्या पडद्यातून झिरपत नाही, फुफ्फुसातून फिरून डावीकडं येतं, पण युरोपात ते फारसं पोचलं नाही.

शिरांमधल्या झडपा इटलीत पादुआला फॅब्रिशियसनं नीट दाखवल्या, १६०३ साली छापल्या. पण त्याला वाटलं की या झडपा रक्ताचा वेग कमी करायला आहेत, सगळं रक्त पायात जाऊन साठू नये म्हणून. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे. त्यानं विचार केला की झडप एकाच बाजूला उघडते तर रक्त एकाच बाजूला जाणार, आणि ती बाजू हृदयाकडची आहे. मग त्यानं हिशोब केला, तो हिशोब मी मुलांकडून फळ्यावर करून घेतो. एका ठोक्याला ७० मिलि, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. तासाला ३०० लिटर. एवढं रक्त यकृत कुठल्या भाकरीतून तयार करणार आणि पाय कुठं जिरवणार? म्हणजे तेच रक्त फिरतंय. शरीरातलं सगळं रक्त मिनिटभरात एकदा फिरून येतं, पळताना तर त्याच्या चार-पाच पट. हार्वेनं हे १६२८ मध्ये छापलं (आकडे त्याचे वेगळे, बरेच कमी धरलेले, तरी निष्कर्ष तोच). धमनीतून शिरेत रक्त कुठून जातं ते मात्र त्याला दिसलं नाही, तो १६५७ ला गेला आणि १६६१ मध्ये मालपीघीनं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या.

आता बाबांना पटवायचं असेल तर हार्वेचाच प्रयोग त्यांच्याच हातावर कर, मागावर काम करणाऱ्या माणसाच्या हाताच्या शिरा ठळक असतात, जमेल. दंडाला रुमाल बांध, फार आवळू नकोस, नाडी लागत राहिली पाहिजे. मूठ उघड-मीट करायला सांग. पुढच्या हातावर शिरा फुगतील आणि मधे मधे गाठीसारखे फुगवटे दिसतील, तिथं झडप आहे. एका बोटानं मनगटाकडची शीर दाबून धर, दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडं रक्त पुसत ने, पुढच्या गाठीच्या पलीकडं. आता वरचं बोट उचल. शीर रिकामीच राहते, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचल, भस्सकन भरते. आता उलटं, कोपराकडून मनगटाकडं रक्त ढकलून बघ, गाठीपाशी अडकतं, पुढं जात नाही. रुमाल लगेच सोड. माझ्या वर्गात ज्या मुलांना पाठ करून काही येत नाही ती मुलं हा प्रयोग घरी जाऊन आजोबांच्या हातावर करून येतात.

रविवारी मटण आणायला गेलास तर खाटकाला सांग की बकऱ्याचं दिल न चिरता, वरच्या नळ्यांसकट दे. नेहमी ते चिरून देतात, म्हणून आधी सांगावं लागतं. जी सगळ्यात जाड, रबरासारखी पांढरी नळी असेल ती महाधमनी. ती आखूड राहील अशी काप, आतलं गोठलेलं रक्त धुऊन काढ आणि वरून वाटीनं पाणी ओत. झडपेचे तीन छोटे खिसे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी वरच उभं राहतं, थोडं झिरपतं ते हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत जातं, त्यांची तोंडं तिथंच झडपेच्या वर आहेत. मग उभं चीर. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीच्या तिप्पट जाड, कारण उजवीला फक्त शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचंय, तिचा दाब २५ च्या आसपास, डावीला १२० लागतो. पण गंमत ही की दोघी मिनिटाला रक्त मात्र सारखंच ढकलतात. नाही ढकललं तर रक्त एकीकडं तुंबेल. आणि आत वरच्या-खालच्या कप्प्यांच्या मधल्या झडपेला पांढरे चिवट दोरे दिसतील, खालच्या भिंतीतल्या मांसाच्या उंचवट्यांना बांधलेले. ते ओढून बघ, तुटता तुटत नाहीत. ते नसते तर ठोक्याच्या जोरानं झडप वरच्या कप्प्यात उलटी झाली असती. आकृतीत हे दोरे असतात पण मुलं ते काढत नाहीत, एका मार्काला पाच मिनिटं कोण घालवणार.

पाटीलबुवा_अनगोळ

सर एक बारका प्रश्न, हातावरच्या शिरा निळ्या दिसतात मग आत रक्त निळं असतं काय? आमची पोरगी म्हणते निळं असतं आणि सुई मारल्यावर हवा लागून लाल होतं.

मास्तर_खानापूर

नाही हो. शिरेतलं रक्तही लालच, जरा काळपट. ब्लड टेस्टला काढतात ते शिरेतलंच असतं आणि त्या बंद ट्यूबमध्ये हवा नसते, तरी गडद लाल दिसतं. कातडीतून परत येणाऱ्या उजेडामुळं शीर निळसर वाटते. पुस्तकातला निळा रंग फक्त ओळखायला. पोरीला लॅबमध्ये नेऊन ट्यूब दाखवा, सुईला घाबरणार नसेल तर.

माजी_हवालदार

सिस्टरनी सांगितलं ते आम्ही फौजेत बिनपुस्तकाचं शिकलो. ड्रिलला सावधानमध्ये उभं केलं की नवीन पोरगं काही वेळानं पांढरं पडतं, घाम फुटतो आणि उभं होतं तसं आडवं होतं. ऊन असलं की आणखी लवकर, कारण गरमीनं कातडीकडच्या शिराबी सैल पडतात. आमचे उस्ताद पहिल्याच दिवशी सांगायचे, सावधानमध्ये अंग हलायचं नाही पण बुटाच्या आत बोटं हलवा, पोटरी आवळा-सोडा, गुडघे कडक मागं ताणून धरू नका. बाहेरनं कुणाला दिसत नाही. ज्यानं ऐकलं तो उभा, ज्यानं नाही ऐकलं तो ग्राउंडवर.

दुसरं, चक्कर येऊन पडलेल्याला लोक लगेच बगलेत हात घालून उभं करतात, पाणी पाजतात. असं करू नका. आडवाच ठेवा, पाय वर करा. आडवा झाला की पायातलं रक्त आपोआप छातीकडं येतं आणि पोरगं डोळे उघडून बघतंच. पडणं हाच त्याच्यावरचा इलाज असतो म्हणा की. आडवं करूनबी शुद्धीवर आला नाही तर मात्र गोष्ट वेगळी, मग वाट बघायची नाही. लग्नात नवरदेव स्टेजवर दोन-दोन तास हार घालून उभा असतो आणि घेरी येते, तेबी हेच, लोक म्हणतात नजर लागली.

मागवाल्याच्या पोरा, बाबांना म्हणावं धोटा इकडनं तिकडं जातो तसं प्रत्येक फेरीला टाच उचला. यंत्राच्या तालावर आपोआप होईल.

मागवाल्याचा_पोरगा, वडगाव

काका हे बेस्ट. पण धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा जातो ओ, बाबा नाचतील 😂 कांडी बदलताना करा म्हणतो. गोळी बघितली, अ‍ॅम्लोडिपिनच हाय, ५ ची. स्कॅनिंगला नेतो तेव्हा डॉक्टरना दाखवतो.

गाडीवाला_शहापूर

मी गप्प वाचत होतो. माझा एकच पाय सुजलाय, डावा. मागं घोट्याला प्लास्टर होतं ते काढलं, आणि परवा बेंगळुरूला रात्रभर बसच्या सीटवर बसून गेलो आलो. पोटरी गच्च झाली, दाबलं की दुखते, जरा गरमबी लागते. उभं राहिल्यामुळंच असणार ना? आई रात्री तेल लावून चोळून देणार म्हणते. टाचा वर-खाली करूलालो तर आणखी दुखूलालंय.

सिस्टर_टिळकवाडी

नाही. थांबा. हे बाबांच्या पायासारखं नाही. दोन्ही पाय संध्याकाळी सुजून सकाळी उतरतात ते वेगळं, आणि एकच पाय, पोटरी गच्च, दुखरी, गरम, त्याआधी प्लास्टर आणि मग रात्रभर पाय लोंबकळत, हे वेगळं. आतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. गाठ नसेलही, पण ते इथं बसून कुणी सांगू शकत नाही, स्कॅनिंगमध्येच कळतं.

चोळायचं अजिबात नाही. तेल नाही, शेक नाही, मालिशवाला नाही.

कारण याच चर्चेतलं आहे बघा. पायातल्या शिरेतली गाठ सुटली तर ती रक्ताबरोबर वर जाणार, वर जाता जाता शिरा मोठ्याच होत जातात त्यामुळं मधे कुठं अडकत नाही, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुफ्फुसाकडं. आणि फुफ्फुसात नळ्या परत बारीक होत जातात, तिथं अडकते. दम लागणं, छातीत कळ, खोकल्यात रक्त, एकदम गरगरणं, यातलं काहीही झालं तर १०८.

काही झालं नसेल तरी आजच जा, उद्या नाही.

गाडीवाला_शहापूर

दम नाही काही. पण आज रविवार हाय ताई, ओपीडी बंद असणार. बाईक काढू का?

सिस्टर_टिळकवाडी

ओपीडी नाही, कॅज्युअल्टी. ती रविवारीही चालू असते. बाईक स्वतः चालवू नका, घरातलं कुणीतरी सोबत घ्या आणि रिक्षानं जा. तिथं पोचल्यावर प्लास्टर आणि बसचा प्रवास दोन्ही सांगा, नुसतं 'पाय सुजलाय' म्हणालात तर बाकावर बसवून ठेवतील. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.